केस कापायच्या कात्रीची धार गेली आहे की बिघाड दुसराच आहे?

कात्रीवाली, सांगली:

नमस्कार. सांगलीत गेली नऊ वर्षे मी स्त्रियांसाठी एक छोटे सलून चालवते आणि केस कापण्याचे सगळे काम स्वतःच करते. अडीच वर्षांपूर्वी मी साडेआठ हजार रुपयांना एक सहा इंची कात्री घेतली. तिच्या पात्यावर ‘व्हीजी-१०’ असे पोलादाचे नाव कोरलेले आहे आणि तिची धार ‘कॉन्व्हेक्स’, म्हणजे बाहेरून फुगीर आहे, असे विक्रेत्याने त्या वेळी सांगितले होते. दोन वर्षे तिने कधीही त्रास दिला नाही. चालताना तिचा आवाजसुद्धा येत नसे. गेल्या दिवाळीनंतर मात्र ओले केस कापताना टोकापाशी चार-दोन केस न कापले जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडू लागले. कात्री मागे घेताना ते ओढले जायचे आणि खुर्चीत बसलेली बाई ‘आई गं’ म्हणायची. धार गेली, असे मी तेव्हाच ठरवून टाकले.

आमच्या गल्लीत दर बुधवारी सायकलवर चाक बसवलेले एक धारवाले काका येतात. घरची विळी आणि सुऱ्या मी वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच देत आले आहे आणि त्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लग्नसराईच्या घाईत मी ही कात्रीही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाच मिनिटांत ठिणग्या उडवत दोन्ही पात्यांना बाहेरून धार काढली, आतली बाजूही एकदा चाकाला लावली, स्क्रू पकडीने आवळला आणि वर्तमानपत्राचा कागद सर्रकन कापून दाखवला. कागद आजही उत्तम कापला जातो. केस मात्र पात्यापुढे ढकलले जातात, कात्री मिटताना ‘कर्र’ असा आवाज येतो आणि संध्याकाळपर्यंत माझा अंगठा मुळाशी दुखू लागतो. पूर्वी पाते जिथे एकसारखे गोलसर दिसत असे, तिथे आता धारेलगत जवळजवळ एक मिलिमीटर रुंदीची सपाट, खरखरीत पट्टी दिसते.

ही कात्री वाचेल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी घेतलेला, एका बाजूने १००० आणि दुसऱ्या बाजूने ६००० क्रमांकाचा, पाण्याने भिजवून धार लावायचा दगड माझ्याकडे आहे (क्रमांक जितका मोठा, तितका दगड बारीक). त्यावर मीच हळूहळू काम केले तर चालेल का? रोजची निगा म्हणून मी दिवसाअखेर कात्री दहा मिनिटे ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवते आणि आठवड्यातून एकदा स्क्रूपाशी खोबरेल तेलाचा थेंब सोडते. त्यात काही चुकत असेल तर तेही सांगावे. याशिवाय केस विरळ करायची, तीस दातांची एक दातेरी कात्री आहे, तिला अजून कोणाचा हात लागलेला नाही. आणि एक जुनी साडेपाच इंची कात्री ‘बोथट झाली’ म्हणून अडीच वर्षांपासून खणात पडून आहे.

पोलादी, इचलकरंजी:

ताई, तुमच्या वर्णनावरून कात्री वाचेल असे वाटते, पण तिची पाती पूर्वीइतकी रुंद राहणार नाहीत. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत टूल अँड कटर ग्राइंडरवर, म्हणजे कापायच्या हत्यारांना धार लावणाऱ्या यंत्रावर, चौदा वर्षे काम केले आणि गेली सहा वर्षे फक्त सलूनच्या कात्र्यांना धार लावतो. त्यामुळे चाकावरून उतरलेल्या अशा कात्र्या माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात, आणि प्रत्येकीबरोबर ‘कागद तर छान कापते’ हे वाक्यही येते.

कागद कापला जातो आणि केस कापले जात नाहीत, याचे कारण कात्रीच्या रचनेत आहे. सुरीची धार एकटीच काम करते. कात्रीत दोन धारा एकमेकींना लगटून जातात आणि त्यांच्या मध्ये सापडलेली वस्तू कातरली जाते. सुरीने कापणे आणि कात्रीने कातरणे, हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत ते उगाच नाहीत. कागद ताठ आणि रुंद असतो, त्यामुळे दोन धारांमध्ये थोडी फट असली तरी तो फाटत-कातरत पुढे जातो. केस मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा सहसा बारीकच असतो, शिवाय गोल आणि गुळगुळीत. ओला असला तर तो आणखी मऊ पडतो. एवढ्याशा फटीत तो सहज आडवा होऊन बसतो आणि दुमडतो. म्हणून कागदावर घेतलेली परीक्षा केसांच्या कात्रीला लागू पडत नाही.

आता कात्री उघडून पात्याची आतली बाजू भिंगाखाली पाहा. चांगल्या कात्रीत ही बाजू सपाट नसते. तिला उथळ पन्हळीसारखा खोलगटपणा दिलेला असतो. धारेला लागून टोकापर्यंत एक अतिशय अरुंद, चकचकीत रेघ जाते आणि स्क्रूच्या मागे अर्धचंद्राच्या आकाराचा एक सपाट भाग असतो. कात्री मिटताना दोन पाती एकमेकांना फक्त या दोन ठिकाणी टेकतात. शिवाय प्रत्येक पात्याला लांबीत किंचित बाक दिलेला असतो. चांगली कात्री मिटून कडेने उजेडासमोर धरली, तर मध्यभागी केसाएवढी फट दिसते आणि टोके जुळलेली दिसतात. या बाकामुळे एका वेळी दोन्ही धारा एकाच बिंदूवर भेटतात आणि मिटताना तो बिंदू स्क्रूकडून टोकाकडे सरकत जातो. कात्रीचे खरे काम त्या सरकत्या बिंदूवर चालते, आणि तो बिंदू सांभाळते ती आतली रेघ. काकांनी आतली बाजू ‘एकदाच’ चाकाला लावली, असे तुम्ही लिहिले आहे. बाहेरच्या पट्टीपेक्षा मला काळजी त्या ‘एकदाच’ची वाटते.

बाहेरच्या बाजूचे म्हणाल, तर फुगीर धार शिंपल्याच्या पाठीसारखी हळूहळू निमुळती होत शेवटी धारेला मिळते, मध्ये कुठेही कंगोरा नसतो. चाकाने तिथे सपाट उतार पाडला, म्हणून केस आता त्या उताराच्या कंगोऱ्याला लागून पुढे ढकलले जातात. हे चाक शिंप्याच्या कात्रीसाठी ठीक आहे, कारण तिला मुळातच असा उतार असतो. केसांच्या जर्मन पद्धतीच्या बऱ्याच कात्र्यांनाही उतार असतो आणि त्यांच्या एका पात्यावर केस घसरू नयेत म्हणून सूक्ष्म खाचा असतात. चाकावर त्या खाचा नाहीशा होतात, पण निदान धारेचा आकार तरी टिकतो. तुमच्या कात्रीत तो आकारच बदलला आहे.

ठिणग्यांबद्दलही सांगितले पाहिजे. व्हीजी-१० हे जपानमधल्या ताकेफू कंपनीचे पोलाद असून त्यात साधारण १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि दीड टक्क्याच्या आसपास कोबाल्ट असते. (तुमच्या कात्रीवर कोरलेली अक्षरे खरी आहेत, असे धरून मी हे लिहितो आहे, अक्षरे कोरणे हे पोलाद बनवण्यापेक्षा बरेच सोपे काम आहे.) पाणी दिल्यानंतर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केल्यानंतर, या पोलादाची कठीणता रॉकवेल मापाने साठच्या आसपास असते. कोरड्या चाकावर धारेचा पातळ कडा क्षणात तापतो आणि त्याचे पाणी उतरते, म्हणजे तेवढा कडा मऊ पडतो. ‘पाते निळे पडले नाही, म्हणजे पाणी उतरले नाही’ हा समज साध्या कार्बन पोलादाला बऱ्यापैकी लागू पडतो. स्टेनलेसवर मात्र निळा रंग दिसायला कितीतरी जास्त उष्णता लागते, त्यामुळे रंग न बदलताही कडा मऊ पडलेला असू शकतो. असा भाग घासून काढून खालचे चांगले पोलाद उघडे करावे लागते. पाती अरुंद होतील असे मी सुरुवातीला म्हटले, ते याच कारणाने.

आता जे सांगणार आहे, त्याने तुम्हाला थोडे वाईट वाटेल. दिवाळीनंतर टोकापाशी केस दुमडत होते आणि बाकी पाते नीट कापत होते, हे लक्षण बोथटपणाचे कमी आणि सैल स्क्रूचे जास्त आहे. स्क्रू सैल झाला की टोकापाशी पाती एकमेकांपासून दूर जातात. मग कापणारा नकळत अंगठ्याने पाते आत दाबू लागतो आणि त्या दाबाने धार खरोखरच झिजते. माझ्याकडे ‘धार गेली’ म्हणून येणाऱ्या कात्र्यांपैकी बऱ्याच नुसत्या साफ करून, तेल देऊन आणि स्क्रू आवळून परत जातात.

स्क्रू तपासायची रीत सोपी आहे. आधी स्क्रूभोवतीचे केस आणि मळ काढून तेल द्यावे, नाहीतर मळामुळे आलेला घट्टपणा स्क्रूचा वाटतो. मग कात्री टोके वर करून उभी धरावी, बोटांची कडी एका हातात स्थिर ठेवावी, दुसऱ्या हाताने अंगठ्याची कडी उचलून पाती काटकोनात उघडावीत आणि कडी सोडून द्यावी. पाते सावकाश खाली येऊन टोकाकडचा साधारण एक-तृतीयांश भाग उघडा असताना थांबले, तर ताण बरोबर आहे. ‘खट्’ आवाज करून पूर्ण मिटले, तर स्क्रू सैल आहे. सोडले तिथेच राहिले, तर फार घट्ट आहे. फिरवताना एका वेळी फेरीचा आठवा भाग, त्याहून अधिक नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा तपासायचे. पकडीने स्क्रूला हात लावू नये. त्याच्या खाचेला बसणारा पेचकस किंवा कात्रीबरोबर आलेली किल्लीच वापरावी.

धार तपासण्यासाठी टिश्यू पेपर ओला करून, दोन बोटांत ताणून, स्क्रूपासून टोकापर्यंत एका दमात कापावा. टोकाशी तो स्वच्छ कापला गेला तर धार आहे. ओढला गेला तर धार नाही किंवा ताण चुकला आहे. दुसरी खूण उजेडाची आहे. पाते दिव्याखाली धरून धारेकडे नेमके समोरून पाहिले, तर तीक्ष्ण धार दिसतच नाही. बोथट जागा मात्र उजेड परत फेकते, म्हणून तिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो.

घरच्या दगडाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या कात्रीवर नको. फुगीर धारेचा कोन साधारण ४५ ते ५० अंशांचा असतो आणि तो सुरीच्या धारेपेक्षा कितीतरी उभा असल्यामुळे सुरीची सवय असलेला हात इथे हमखास चुकतो. त्यातून पाते टोकाकडे वळत जाते, तसा हातही वळवावा लागतो. दगड हाताळायचाच असेल, तर दोन-तीनशे रुपयांची कात्री घेऊन तिच्यावर हात बसवा. सहा इंची पाठवायची असल्यास मला व्यक्तिगत संदेश करा.

आबा, सातारा:

मी बावन्न वर्षे खुर्चीमागे उभा राहिलो, आता दुकान मुलगा पाहतो. आमच्या वडिलांच्या काळी सगळा धंदा धोकटीत मावत असे: दोन कात्र्या, दोन वस्तरे, निसणा (धार लावायचा दगड), कंगवा, वाटी आणि आरसा. त्या वेळच्या कात्र्या साध्या कार्बन पोलादाच्या असत, ओल्या राहिल्या तर सकाळी त्यांच्यावर तांबूस पूड दिसे, आणि त्यांना धार लावायला गावात शिकलगार येत. आमच्याकडे येणारे शिकलगार कात्री कानाशी धरून सावकाश मिटत आणि आवाज ऐकून कोणत्या जागी खोट आहे ते बोट ठेवून सांगत. चाक ते शिंप्यांच्या कात्रीला लावत. आमची कात्री मात्र मांडीवर फडके पसरून दगडावर हातानेच घासत आणि त्यासाठी अर्धा दिवस घेत. तेव्हा केसांची कात्री चाकावर देऊ नये, हे आजच्या महागड्या कात्र्यांमुळे निघालेले शास्त्र आहे असे कोणी समजू नये.

धार लावण्यापेक्षा ती जाऊ न देणे स्वस्त पडते, म्हणून दोन गोष्टी सांगतो. केसांच्या कात्रीने दुसरे काहीही कापायचे नाही. शांपूची पुडी, दोरा, कागद काहीही नाही. कागदात खडूसारखी भुकटी घातलेली असते आणि ती धार खाते. दुसरे म्हणजे धुळीने भरलेले डोके धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत शेतातून थेट खुर्चीत येऊन बसणारी मंडळी असत; त्यांच्या केसांत मातीचे आणि वाळूचे कण असतात आणि वाळूचा कण पोलादालाही ओरखडा काढतो. असे डोके वडील आधी मशीनने उतरवत आणि चांगली कात्री शेवटच्या हातापुरतीच बाहेर काढत.

रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होते, असे आमची आजी म्हणे. भांडणाचे मला ठाऊक नाही, पण पोरांना कंगवा फिरवताना सारखी कट् कट् करत रिकामी कात्री चालवायची खोड असते. मध्ये केस नसताना कोरडे पोलाद कोरड्या पोलादावर घासते, आणि दिवसभरात ते किती वेळा घासते याचा हिशेब करून पाहावा.

हौशी_पुणे:

पोलादी यांच्या प्रतिसादातून खूप शिकायला मिळाले, पण घरी धार लावूच नये या मताशी मी पूर्ण सहमत नाही. मी व्यवसायाने अभियंता आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुलांचे केस घरी कापण्यासाठी मी नऊशे रुपयांची कात्री घेतली आणि तिला आतापर्यंत तीन वेळा १००० आणि मग ६००० क्रमांकाच्या दगडावर धार लावली आहे. कोन चुकू नये म्हणून मी बाहेरच्या बाजूला धारेलगत काळ्या मार्करची रेघ ओढतो आणि दगडावर एकदा फिरवून शाई कुठे पुसली गेली ते पाहतो. शाई धारेपर्यंत एकसारखी पुसली गेली, म्हणजे कोन जमला. शेवटी आतली बाजू दगडावर सपाट ठेवून ती टोकापर्यंत एकसारखी चकचकीत होईपर्यंत घासतो. कात्री केस नीट कापते. थोडा संयम असला तर हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे.

पोलादी, इचलकरंजी:

मार्करची युक्ती उत्तम आहे आणि मीसुद्धा ती वापरतो. तुमचे शेवटचे पाऊल मात्र नेमके तेच आहे, ज्यामुळे कात्री कायमची जाते. आतली बाजू संपूर्ण चकचकीत झाली, याचा अर्थ खोलगटपणा घासून संपला. आता ती बारीक रेघ उरलेली नसून पात्याचा सगळा सपाट पृष्ठभाग दुसऱ्या पात्यावर घासतो आहे. पाते जाड आणि कात्री साधी असल्यामुळे आणि घरी महिन्याकाठी दोन डोकीच कापली जात असल्यामुळे तुम्हाला ते जाणवत नाही. रोज दहा-बारा जणींचे केस कापणाऱ्या हाताला ते पहिल्याच दिवशी जाणवेल.

बाहेरून घासल्यावर धारेच्या आतल्या अंगाला पोलादाची एक सूक्ष्म लव उभी राहते. बोट पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवले की ती अडखळल्यासारखी लागते. तेवढी काढण्यासाठी सर्वांत बारीक दगडावर, मी ८००० क्रमांकाचा वापरतो, पाते आतल्या बाजूने पूर्ण सपाट टेकवून चार-पाच हलके हात पुरतात. रेघ जिथे पुसट आहे तिथे ती पुन्हा दिसू लागली की थांबायचे. मग चामड्यावर दोन्ही अंगांनी फिरवायचे. लव काढण्यासाठी काही जण कात्रीने ॲल्युमिनियमची फॉईल किंवा पॉलिश पेपर कापतात. फॉईलने वळलेली लव तात्पुरती सरळ होते, म्हणून दोन दिवस कात्री बरी वाटते. पॉलिश पेपरने मात्र धारेवर आणि आतल्या रेघेवर नुसते ओरखडे पडतात.

ताईंच्या दातेरी कात्रीबद्दल लिहायचे राहिले होते. तिच्या फक्त सपाट पात्याला धार लावायची असते. दातांच्या माथ्यावर केस धरून ठेवण्यासाठी बारीक खाचा असतात. त्यांना दगड लागला की सगळे दात एका उंचीचे राहत नाहीत आणि कात्री काही केस सोडते, काही ओढते. दात मऊ ब्रशने साफ करावेत, बाकी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक बारीक गोष्ट. दोन कड्यांच्या मध्ये रबराची एक छोटी गुंडी असते, ती पडली किंवा झिजली की पाती गरजेपेक्षा जास्त मिटतात आणि टोके एकमेकांना ओलांडून पुढे जातात. पाती घासून अरुंद झाल्यावरही तसेच होते, म्हणून धार लावल्यानंतर पुष्कळदा ही गुंडी थोडी जाड बसवावी लागते. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण ती नसल्यामुळे टोके बिघडलेल्या कात्र्या मी पाहिल्या आहेत.

समुद्रकाठ, रत्नागिरी:

धारेबद्दल वरती लिहिले गेले आहेच, मी फक्त ब्लीच आणि तेलाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे खाऱ्या हवेत कात्र्या धारेपेक्षा गंजानेच जास्त मरतात. ताई, ब्लीच आजपासून बंद करा. त्यातल्या क्लोरिनच्या संयुगांमुळे स्टेनलेसवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, आणि असा खड्डा धारेवर पडला तर तो घासून काढेपर्यंत केस अडकत राहतात. स्टेनलेस म्हणजे गंज कधीच न लागणारे, असे नव्हे. धार टिकावी म्हणून या पोलादात कार्बन जास्त ठेवतात. तो काही क्रोमियम स्वतःशी बांधून घेतो, आणि गंजापासून राखण करणारे क्रोमियम तेवढे कमी उरते. कोरोनाच्या काळात सगळीकडे हायपोक्लोराइट फवारले जात होते, बहुधा ही सवय तेव्हाची असावी. पण ब्लीच न चालणाऱ्या धातूच्या पृष्ठभागांसाठी त्या सूचनांतही ७० टक्के अल्कोहोल सांगितलेले होते.

मी प्रत्येक ग्राहकानंतर कात्री आधी पुसतो, कारण केस चिकटलेले असताना जंतुनाशकाचा उपयोग होत नाही, आणि मग ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू देतो. पुसताना फडके नेहमी पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावे, म्हणजे बोटही वाचते आणि धारही. केसांना रंग किंवा स्ट्रेटनिंगचे रसायन लागलेले असताना कात्री चालवावी लागली, तर ती लगेच पाण्याने धुऊन कोरडी करावी, संध्याकाळची वाट पाहू नये.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते. सांगलीच्या थंडीत सकाळी ते स्क्रूमध्ये मेणासारखे बसत असणार आणि त्यात केसांचा भुगा मिसळून त्याचा लेप होत असणार. शिलाई मशीनचे पातळ तेल घ्यावे, रात्री कात्री उघडून स्क्रूपाशी एक थेंब सोडावा, पाच-सहा वेळा उघडझाप करावी आणि वर आलेले काळपट तेल पुसून टाकावे. एवढी एक उघडझाप आबांच्या आजींनाही चालली असती. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात कात्री बंद करून ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते. मी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवतो.

कात्रीवाली, सांगली:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये असे वाटले.

पहिला प्रयोग खणातल्या साडेपाच इंची कात्रीवर केला. स्क्रू काढल्यावर आत नेमके ‘समुद्रकाठ’ यांनी वर्णन केलेले निघाले: केसांचा भुगा आणि गोठलेले खोबरेल मिळून वाटाण्याएवढी राखाडी गुठळी. ती काढून, अल्कोहोलने पुसून, मशीनचे तेल दिले आणि कात्री उभी धरून कडी सोडली, तर ती ‘खट्’ करून पूर्ण मिटली. फेरीचा आठवा भाग असे तीन वेळा आवळल्यावर पाते दोन-तृतीयांश मिटून थांबू लागले. मग ओला टिश्यू कापला आणि तो टोकापर्यंत स्वच्छ कापला गेला. अडीच वर्षे ही कात्री बोथट म्हणून पडून होती आणि तिच्या जागी मी साडेआठ हजारांची दुसरी घेऊन बसले. आता गेला पंधरवडा रोजचे काम तिच्यावरच चालू आहे.

सहा इंची कात्री टोकांवर रबरी नळीचा तुकडा चढवून, मिटून, दोरा बांधून पोलादींकडे पाठवली होती. ती परवा परत आली. आतली रेघ एका पात्यावर टोकापासून वीतभर नव्हे, पण चांगली बोटभर पुसली गेली होती आणि ती परत आणायला बाहेरून बरेच पोलाद काढावे लागले, असे त्यांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे. पाती जुन्या फोटोशी ताडून पाहिली तर डोळ्यांना दिसण्याइतकी अरुंद झाली आहेत आणि कड्यांमध्ये नवी, जाड गुंडी आहे. कापताना मात्र आवाज नाही, आणि दोन दिवसांत अंगठाही दुखलेला नाही. केसांवरून घसरवत कापण्याचे काम अजून तिच्याकडून करून पाहिलेले नाही. तशी ग्राहक शनिवारी यायची आहे.

काल बुधवार होता. धारवाल्या काकांना मी दोन्ही कात्र्या उजेडासमोर धरून मधली फट दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले, सहा इंची कात्री एकदा कानाशी नेऊन मिटली आणि ‘ही माझ्या चाकाची नाही, मी तेव्हाच सांगायला हवं होतं’ असे म्हणून खिशातून साठ रुपये काढले. मी ते विळी आणि दोन सुऱ्यांच्या धारेत वळते करून घेतले.